चिखल, माती आणि मोटारीचे चाक

पावसाळ्यात कच्च्या वाटेवर मोटार रुतली की बहुधा इंजिनाला बोल लावला जातो. वास्तविक अशा वेळी इंजिनाची शक्ती कमी पडलेली नसते. चाके तर गरगर फिरत असतात. अपुरी पडते ती चाकाखालची माती. चाक मातीला मागे रेटते आणि तिच्या विरोधाच्या आधाराने गाडी पुढे सरकते. मातीने हा आधार दिला नाही, तर कितीही बलवान इंजिन व्यर्थ ठरते. म्हणून चिखलासाठी टायर निवडावयाचा तर आधी माती ओळखली पाहिजे. हा विचार म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरच्या उदाहरणाने चांगला स्पष्ट होतो.

१. सरगूरची भूमी

पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडणारे आणि आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले सरगूर कबिनी नदीच्या खोऱ्यात आहे. ही नदी केरळातील वायनाडच्या डोंगरांत उगम पावते व पूर्वेकडे वाहत जाऊन तिरुमकूडल नरसीपूर येथे कावेरीस मिळते. तिच्यावरील धरण १९७४ साली पुरे झाले. पश्चिमेस व दक्षिणेस नागरहोळे आणि बंडीपूर यांची अरण्ये आहेत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस या भागात जूनपासून पडतो आणि वायनाडच्या दिशेने जावे तसे त्याचे मान वाढत जाते.

भूशास्त्रज्ञांना सरगूर हे नाव फार परिचित आहे. येथील अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या गटास ‘सरगूर समूह’ असेच म्हणतात; त्यांचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे वा त्याहूनही अधिक मानले जाते. या भागातील नाइस व तत्सम खडक झिजून जी माती झाली, ती बहुतांशी तांबडी व वाळूमिश्रित आहे. चढावर तिचा थर पातळ असतो आणि त्याखाली मुरूम किंवा खडक लागतो. खोलगट जागी मात्र काळी चिकण माती साचलेली आढळते. जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले म्हणजे काठाचा गाळही उघडा पडतो. अशा रीतीने एकाच वाटेवर दोन अगदी भिन्न स्वभावांचे चिखल भेटतात आणि टायरविषयी त्यांचे म्हणणे परस्परविरुद्ध असते.

या प्रश्नाला केवळ हौसेचे महत्त्व नाही. अरण्याच्या कडेला आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांना तेथे ‘हाडी’ म्हणतात. भर पावसात अशा वस्तीतून रोग्यास रुग्णालयात न्यावयाचे असेल, तर गाडी चिखलातून पार होणे न होणे यावर त्याचा जीव अवलंबून राहू शकतो.

२. मातीचे बळ कशात असते?

फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम याने अठराव्या शतकातच दाखवून दिले की मातीचे सरकण्यास होणारे प्रतिकारबल दोन गोष्टींतून निर्माण होते. एक म्हणजे कणाकणांतील घर्षण. वरून भार जितका अधिक, तितके ते वाढते. वाळूचे बळ मुख्यतः या प्रकारचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे कणांचा परस्परांस चिकटून राहण्याचा गुण. तो भारावर अवलंबून नसतो. भिजलेल्या चिकण मातीचे बळ जवळजवळ सर्वस्वी यातूनच येते. विसाव्या शतकात मूळचे पोलंडचे अभियंते बेकर यांनी याच तत्त्वांच्या आधारे वाहन व भूमी यांच्या संबंधाचे शास्त्र उभारले. पुढे चंद्रावर चालविलेल्या गाडीच्या चाकांच्या विचारातही त्यांचा वाटा होता.

या भेदाचा व्यवहारातील अर्थ असा की, वाळूमिश्रित जमिनीत गाडीचे वजन चाकाच्या पकडीस मदत करते. ओल्या चिकण मातीत वजनाचा असा लाभ नाही. तेथे चाक जमिनीच्या किती क्षेत्रावर टेकले आहे याला महत्त्व येते. एक उदाहरण घेऊ. गाडीचे वजन १,८०० किलोग्रॅम असून ते चारी चाकांवर सारखे पडते, म्हणजे प्रत्येक चाकावर ४५० किलोग्रॅम भार आहे, असे समजू. मातीचे बळ दर चौरस सेंटीमीटरला ०.२ किलोग्रॅम आणि चिखलातून पुढे जाण्यास लागणारा जोर २०० किलोग्रॅम धरू. प्रत्येक चाक २१३ चौरस सेंटीमीटर जागेवर टेकले असेल, तर चारी चाके मिळून सुमारे १७० किलोग्रॅमचा रेटा मिळेल आणि गाडी अडेल. हेच क्षेत्र ३५५ चौरस सेंटीमीटर झाले, तर रेटा सुमारे २८४ किलोग्रॅम होईल आणि तीच गाडी, त्याच इंजिनाने, पार होईल.

३. हवेचा दाब

हे क्षेत्र वाढवावे कसे? त्यासाठी नवा टायर घेण्याचीच गरज असते असे नाही. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली आणि त्यानंतर स्वतंत्रपणे जॉन डनलॉप याने १८८८ साली हवेचे टायर कल्पिले, ते धक्के सौम्य करण्यासाठी. परंतु हवेच्या टायरचा आणखी एक गुण चिखलात उपयोगी पडतो. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो त्यातील हवेच्या दाबाच्या जवळपास असतो. टायरच्या भिंतींच्या ताठरपणामुळे थोडाफार फरक पडतो, एवढेच. टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब असेल, तर ४५० किलोग्रॅमचा भार पेलण्यास सुमारे २१३ चौरस सेंटीमीटर जागा लागते. हवा १८ पौंडांवर आणली की तीच जागा सुमारे ३५५ होते. वरील उदाहरणातील दोन आकडे हेच होत.

मात्र हवा कमी केल्यावर गाडी सावकाश चालवावी लागते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो व तापतो. वेगाने चालविल्यास तो फाटण्याची भीती असते. हवा फारच उतरविली, तर वळणावर टायरची कड रिममधून निसटते. म्हणून दाबमापक आणि हवा भरण्याचा पंप गाडीत असावा आणि डांबरी रस्ता लागताच हवा पूर्ववत करावी.

४. अरुंद की रुंद?

रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि अरुंद टायर रुततो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भार व हवेचा दाब तेच असतील, तर दोन्ही टायर जवळजवळ सारख्याच क्षेत्रावर टेकतात. अरुंद टायरचा ठसा लांबट व निमुळता, तर रुंद टायरचा ठसा आखूड व पसरट असतो. रुंद व मोठ्या टायरचा खरा लाभ असा की, त्यात हवेचे आकारमान अधिक असल्यामुळे तोच भार तो कमी दाबावर सुरक्षितपणे पेलू शकतो.

याच्या उलट बाजूसाठी बैलगाडीचे चाक पाहावे. लोखंडी धाव बसविलेले ते उंच व अरुंद चाक मऊ चिखल कापीत खाली जाते आणि कठीण थर लागताच त्यावर चालू लागते. चिखलणी केलेल्या भातखाचरातून ट्रॅक्टर चालू शकतो, तोही वरच्या राडीखाली घट्ट थर असतो म्हणूनच. पहिल्या जीपगाड्यांना सहा इंच रुंदीचे आणि सोळा इंच रिमचे अरुंद टायर होते. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जोडलेल्या जीपगाड्या खेडोपाडी पोहोचल्या, त्या अशाच टायरांवर.

यावरून नियम असा निघतो : मऊ थर पातळ असेल आणि खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद टायर बरा, मऊ थर खोल असेल, तर रुंद टायर आणि कमी हवा बरी. सीमा ठरते ती गाडीच्या पोटाखालील उंचीवरून. आसावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून २० सेंटीमीटर उंच असेल, तर त्याहून खोल रुतणारे चाक कठीण थरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाडीचे पोट चिखलावर टेकते.

मऊ थराची खोली पाहण्यास पहार पुरेशी आहे. ती हाताच्या जोराने चिखलात दाबावी आणि कोठे अडते ते पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील व्हिक्सबर्ग येथील लष्करी प्रयोगशाळेने शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबून वाहने पार होतील की नाही हे अजमावण्याची पद्धत विकसित केली. पहारीच्या परीक्षेचे तत्त्वही तेच आहे. सरगूरच्या तांबड्या चढावर पहार बहुधा लवकर अडेल. काळ्या खोलगटीत ती सहज आत जात राहील.

५. दात आणि खाचा

गुळगुळीत झालेला, म्हणजे ‘गोटा’ टायर ओल्या मातीवर नुसता घसरतो. टायरच्या पाठीवरील दात वरचा निसरडा थर भेदून खालच्या घट्ट मातीत शिरतात आणि तिला रेटतात. नेहमीच्या टायरच्या खाचा नव्या असताना सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात; चिखलाच्या मोठ्या टायरमध्ये ही खोली १५ मिलिमीटरच्या आसपास असते.

परंतु खोल दातांइतकेच त्यांमधील मोकळ्या जागेलाही महत्त्व आहे. खाचा मातीने भरून गेल्या की उत्तम टायरसुद्धा गोटाच होतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानात ज्याने पावसाळ्यात पाऊल टाकले आहे, त्याला पायाला चिकटणारी माती ठाऊक असते. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते व चिकट होते. अशा मातीसाठी दात विरळ, खाचा रुंद आणि कडेकडे उघड्या होत गेलेल्या हव्यात. म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. येथे वेगाचा संबंध येतो. ३७ सेंटीमीटर त्रिज्येचे चाक ताशी ५ किलोमीटर वेगाने फिरत असेल, तर पाठीवरील मातीस बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. ताशी १५ किलोमीटरला तो नऊपट, म्हणजे वजनाच्या जवळजवळ पावणेपाचपट होतो. म्हणून चिकट चिखलात थोडी गती राखणे हितावह असते. मात्र गाडी जागच्या जागी अडून चाक फिरू लागले, तर ते खड्डा खणते. अशा वेळी लगेच थांबावे.

६. मोठ्या टायरची किंमत

मोठा टायर काही देतो, तसेच काही घेतोही. ‘२३५/७५ आर १५’ या खुणेचा अर्थ असा : रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आतील बांधणी रेडियल प्रकारची आणि रिम १५ इंच. यावरून चाकाचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर व्यासाचा टायर बसविला, तर गाडीची उंची वाढते ती व्यासातील फरकाच्या निम्म्याने, म्हणजे अवघी २७ मिलिमीटर. उलट चाकाच्या परिघावर मिळणारा इंजिनाचा जोर सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. वेगमापकही फसवितो : तो ताशी ६० किलोमीटर दाखवील, तेव्हा खरा वेग ६४ च्या पुढे असेल.

याहून गंभीर गोष्ट डांबरी रस्त्यावर प्रत्ययास येते. चिखलाच्या टायरचे रबर रस्त्यावर कमी क्षेत्रात टेकते आणि त्याचे उंच दात भाराखाली डुलतात. त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर जाऊन थांबते, इंधन अधिक लागते आणि टायर लवकर झिजतो. सरगूरहून म्हैसूरला जाणारी गाडी चिखलात काही किलोमीटर आणि डांबरावर पन्नासच्या आसपास किलोमीटर चालते. चिखलातून सुखरूप बाहेर काढलेला रोगी पुढे वळणावर धोक्यात येता कामा नये.

कायद्याचीही मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून निर्मात्याने त्या गाडीस मान्य केलेल्या मापांतूनच निवड करणे योग्य. शिवाय मोठ्या दातांचे टायर ओली वाट फाडतात; पडलेल्या चाकोऱ्यांतून पाणी वाहू लागते आणि पुढच्या पावसापर्यंत वाटेचा ओढा होतो.

७. निवड कशी करावी?

प्रथम गाडी वर्षभरात चिखलात किती व डांबरावर किती चालते, हे लिहून काढावे. नंतर वाटेवरील वाईट जागा पहारीने तपासाव्यात. चिखल मुख्यतः पातळ थराचा असेल, तर मान्य मापांतील अरुंद आणि मध्यम दातांचा टायर पुरे होतो. तोच डांबरावरही अधिक विश्वासू असतो. खोल काळा चिखल रोजचाच असेल, तर विरळ व खोल दातांचा रुंद टायर घ्यावा आणि डांबरावर वेग आवरावा. चारी टायर एकाच मापाचे व जातीचे असावेत. कोणत्याही निवडीत दाबमापक व पंप यांचा खर्च प्रथम करावा. कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा लाभ हवेच्या योग्य दाबातूनच मिळतो.

८. वर्गात करण्याजोगा प्रयोग

दोन घमेली घ्यावीत. एकात तळाशी सपाट फरशी ठेवून तिच्यावर चार बोटे जाडीचा चिखल पसरावा. दुसरे चिखलाने काठोकाठ भरावे. एकाच वजनाच्या दोन विटांपैकी एक आडवी व एक उभ्या टोकावर अशा दोन्ही घमेल्यांत हलकेच ठेवाव्यात. प्रत्येक वीट किती रुतते ते पट्टीने मोजावे व नंतर ती दोरीने बाजूस ओढून पाहावी. उभी वीट कोणत्या घमेल्यात फरशीवर ठाम टेकली आणि कोणत्या घमेल्यात ती रुततच गेली? या दोन उत्तरांत अरुंद व रुंद टायरचा सारा वाद सामावला आहे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल.