शेळीचें दूध आणि शेजाऱ्याचें हित

वाचावयाचा भाग : नीतिसूत्रें 27:23–27, प्रेषितांचीं कृत्यें 28:1–10.

नीतिसूत्रांच्या या भागांत ज्ञानी पुरुष दोन गोष्टी जोडून सांगतो : आपल्या कळपाची स्थिति नीट जाणून घ्यावी, आणि शेळ्यांचें दूध घरच्या माणसांस पुरेल. पहिली सोडून दुसरीची आशा धरणें बरें नव्हे.

दिवाळीनंतर देशावरचे धनगर घाट उतरून मुरबाड, शहापूर, कल्याण या बाजूस येतात व कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरें बसवितात. आपल्या मंडळींतील पुष्कळ घरींही दोनचार शेळ्या असतात. दूध धारोष्ण प्यावें, तें अशक्त मुलास औषध आहे, अशी समजूत गांवोगांवीं आहे. आणि डेंग्यूची साथ आली म्हणजे शहरांतील लोकही शेळीचें दूध शोधीत फिरतात. त्यानें डेंग्यू बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. आणि दूध कच्चें असेल तर त्यांत मोठा धोका आहे.

जहाज फुटल्यावर पौल ज्या मिलिता बेटावर उतरला, त्यास आज माल्टा म्हणतात. तेथें तापानें पडलेल्या एका मनुष्यास त्यानें प्रार्थना करून बरें केलें. त्याच बेटावर पुढें ब्रिटिश शिपायांस एक चिवट ताप छळीत असे. 1887 सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें त्याचा जंतु शोधिला. परंतु तो येतो कोठून हें कळलें नाहीं. 1905 सालीं थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्या डॉक्टरानें दाखविलें कीं, वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगांत तो असतो. 1906 सालीं शिपायांस शेळीचें दूध देणें बंद केलें, आणि ताप झपाट्यानें ओसरला. हाच ब्रुसेला जंतु आपल्या देशांतही आहे. ताप चढतो व उतरतो, रात्रीं घाम सुटतो, सांधे दुखतात. जी शेळी गाभ टाकते तिच्याविषयीं विशेष सावध असावें; तिच्या जारास उघड्या हातानें शिवूं नये.

उपाय सोपा आहे. दूध काढल्यावर लौकर उकळावें व झांकून ठेवावें. उकळीनें जंतु मरतात; पण उन्हाळ्यांत दूध तासचे तास कच्चें राहिलें, तर कांहीं जंतु त्यांत विष सोडतात, तें उकळूनही जात नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शेळीची कास सुजली म्हणजे कित्येक जण दुकानांतून प्रतिजैविक औषध आणून स्वतःच टोंचतात, व सूज उतरतांच थांबतात. दुबळे जंतु मरतात. चिवट उरतात, आणि त्यांचीच संतति वाढून त्या औषधास दाद देत नाहीं. 1928 सालीं पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं 1945 सालीं नोबेल पारितोषिक घेतांना अपुऱ्या मात्रेविषयीं हाच इशारा दिला होता. माणसांचा शेवटचा उपाय म्हणून राखलेलें कोलिस्टिन हें औषध दुधामांसासाठीं पाळलेल्या जनावरांकरितां विकण्यास भारत सरकारनें 2019 सालीं मनाई केली.

असे जंतु एका गोठ्यांत कोंडून राहत नाहींत. कच्च्या दुधावाटे, न धुतलेल्या हातांवाटे ते शेजाऱ्याच्या तान्ह्या मुलापर्यंत पोंचतात, आणि मग डॉक्टराच्या हातीं औषध असून नसल्यासारखें होतें. म्हणून जनावरांच्या डॉक्टरास विचारूनच औषध द्यावें, मात्रा पुरी करावी, व तो सांगेल तितके दिवस तें दूध पिऊं नये कीं विकूं नये. कारण औषधाचा अंश उकळण्यानें पुरता जात नाहीं. दूध ओतून देणें गरिबास किती जड जातें हें मी जाणतों. डोंबिवलीच्या इमारतींतील गिऱ्हाइकास आपला गोठा दिसत नाहीं, देवास दिसतो.

पौलानें प्रार्थनेनें ताप घालविला, म्हणून आपण दूध तापवूं नये असें नव्हे. ज्यानें ती प्रार्थना ऐकिली, त्यानेंच आपणांस ही समज दिली आहे.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
1. निरोगी दिसणाऱ्या शेळीचेंही दूध कां उकळावें?
2. अर्धवट औषध देणें हा शेजाऱ्याचा अपराध कसा होतो?
3. औषध चालू असतां दूध विकणाऱ्या बंधूस आपण प्रीतीनें काय सांगाल?