ऑपरेशननंतर दहा-पंधरा वर्षांनी काय?

प्रश्न : माझी धाकटी बहीण 38 वर्षांची आहे. वजन 112 किलो, मधुमेह सहा वर्षांपासून. डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं आहे. वर्षभरात ती बारीक होईल हे कळतं, पण पुढे दहा-पंधरा वर्षांनी तिची तब्येत कशी असेल, हे आधी सांगता येतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बऱ्यापैकी सांगता येतं, पण नुसत्या वजनकाट्यावरून नाही. याची सगळ्यात भक्कम माहिती स्वीडनमधून मिळते. तिथे 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन केलेले 2010 जण आणि न केलेले 2037 जण वर्षानुवर्षं तपासले गेले. त्यांत सुमारे 70 टक्के बायका होत्या. ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. कर्करोगाचं प्रमाणही घटलं, मात्र ही घट बायकांमध्येच स्पष्ट दिसली, पुरुषांमध्ये नाही. हृदयविकार टळण्याचा फायदा कुणाला जास्त झाला? ज्यांचा बीएमआय जास्त होता त्यांना नव्हे, तर ज्यांच्या रक्तात सुरुवातीला इन्शुलिन जास्त होतं त्यांना. म्हणून ‘अजून तेवढी जाड नाही, थांबू या’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही.

मधुमेहाच्या बाबतीत तर वेळेलाच महत्त्व आहे. याच अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी 72 टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटला होता, पंधरा वर्षांनी हे प्रमाण 30 टक्के उरलं. ज्यांचा मधुमेह नवा होता, त्यांचा जास्त टिकून मागे हटला.

या ऑपरेशनचा एक प्रकार म्हणजे जठराचा बायपास. त्याआधी डॉक्टर ‘डायारेम’ नावाचा गुणांक काढू शकतात. तो 0 ते 22 असतो आणि जितका कमी तितकं चांगलं. तुमच्या बहिणीचं वय चाळिशीच्या आत, म्हणून 0. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, समजा 7.4 असेल तर 4. मेटफॉर्मिनशिवाय साखरेची दुसरी एखादी नेहमीची गोळी चालू असेल तर आणखी 3. झाले 7, म्हणजे आशा चांगली. पण इन्शुलिनची सुई चालू असेल तर एकदम 10 वाढतात आणि बेरीज 17 वर जाते. मधुमेह मागे हटण्याची शक्यता मग खूपच कमी होते.

वजनाचा अंदाजही बांधता येतो. फ्रान्समधल्या लील शहरातल्या गटाने 2023 मध्ये सात गोष्टींवरून पाच वर्षांनंतरचं वजन सांगणारी पद्धत मांडली : उंची, वजन, वय, ऑपरेशनचा प्रकार, मधुमेह आहे का, किती वर्षांपासून आणि धूम्रपान. या सातांत स्त्री की पुरुष हा प्रश्नच नाही. वजनापुरतं ते ठीक आहे. पण बाईच्या तब्येतीचा अर्धा हिशोब वजनाबाहेर असतो आणि तो कुठल्याच गुणांकात येत नाही.

पाळी चालू असलेल्या बाईचं रक्त दर महिन्याला जातं. त्यात बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बहीण शाकाहारी असेल, मेटफॉर्मिनही घेत असेल, तर बी-12 आधीच कमी असण्याची शक्यता बरीच आहे. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. नंतरही लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर लागतात. त्या सोडल्या तर थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात.

आणखी एक गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला. वजन उतरलं की अनियमित पाळी बऱ्याचदा सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. तरी पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबून राहता येत नाही, तेव्हा कॉपर-टीसारखा उपाय ऑपरेशनच्या आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पुढे दिवस राहिले तर गर्भारपणातल्या मधुमेहाचा धोका कमी झालेला असतो, पण बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सोनोग्राफीत बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवावं लागेल.