डेटा लॉगरची स्मृती व नोंदींचे जतन : औषध भांडाराच्या दृष्टीने विचार

औषधद्रव्यांचे संग्रहण हा विषय आयुर्वेदास नवीन नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्ये ठेवण्याचे घर कसे असावे याचे वर्णन आले आहे. त्याचे दार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, वारा थेट न लागता एका बाजूने खेळता असावा आणि अग्नी, पाणी, बाष्प, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद यांची बाधा तेथे पोहोचू नये, असे आचार्य सांगतात. शार्ङ्गधराने चूर्ण, गुटिका, अवलेह इत्यादी कल्पांच्या सवीर्यतेचा काळ वेगवेगळा सांगितला आहे. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत समाविष्ट झालेल्या शेड्यूल टी मध्येही कच्च्या मालाचे ओल, सूक्ष्मजंतू, उंदीर व कीटक यांपासून रक्षण करण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे.

हे रक्षण झाले किंवा नाही हे दाखविण्यासाठी अनेक फार्मसींनी भांडारात तापमान व सापेक्ष आर्द्रता नोंदविणारे डेटा लॉगर बसविले आहेत. मात्र यंत्र भिंतीवर लावले म्हणजे नोंद आपोआप सुरक्षित झाली, हा समज बरोबर नाही. यंत्राची स्मृती मर्यादित असते व ती वेळेवर रिकामी केली नाही तर नेमकी हवी असलेली नोंद नष्ट होते. लवणभास्करासारख्या लवणयुक्त चूर्णाचे गोळे झाले, यवक्षाराला पाणी सुटले किंवा एखाद्या घाण्यातील वटीवर बुरशी दिसली, तर दोष निर्मितीचा, वेष्टनाचा की साठवणुकीचा हे ठरविण्यास त्या काळातील आर्द्रतेची नोंद लागते. गेलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे केला आहे.

१. स्मृतीचे गणित

लॉगर ठरावीक अंतराने एक नोंद घेतो व ती स्मृतीत लिहितो. एकूण नोंदींच्या संख्येस दिवसाला होणाऱ्या नोंदींनी भागले असता स्मृती किती दिवस पुरेल हे कळते. माहितीपत्रकातील आकडा मात्र नीट वाचावा. ३२,००० नोंदी असे लिहिले असेल, तर तापमान व आर्द्रता अशा दोन्ही गोष्टी मोजताना प्रत्येकीच्या वाट्याला १६,००० च येण्याची शक्यता असते. अशा यंत्राची स्मृती पुढीलप्रमाणे पुरते.

दर १ मिनिटाने : दिवसाला १,४४० नोंदी, सुमारे ११ दिवस
दर ५ मिनिटांनी : दिवसाला २८८ नोंदी, सुमारे ५५ दिवस
दर १५ मिनिटांनी : दिवसाला ९६ नोंदी, सुमारे १६६ दिवस
दर ३० मिनिटांनी : दिवसाला ४८ नोंदी, सुमारे ३३३ दिवस

जितक्या जवळजवळ नोंदी तितके चांगले, असे पुष्कळांना वाटते. परंतु बंद गोदामातील हवा सावकाश बदलते. तेथे १५ मिनिटांचे अंतर सर्वसाधारणपणे पुरेसे होते. वाळवणी कपाटात किंवा वारंवार उघडल्या जाणाऱ्या शीतकपाटात बदल झपाट्याने होतात, म्हणून तेथे १ ते ५ मिनिटांचे अंतर ठेवावे व स्मृती तितक्याच लवकर रिकामी करावी. यंत्र किती दिवसांनी वाचले जाणार आहे हे आधी निश्चित करावे आणि त्या काळाच्या किमान दुप्पट दिवस स्मृती पुरेल असे अंतर निवडावे. एखाद्या महिन्यात सेवक रजेवर गेला तरी नोंद जाणार नाही.

२. स्मृती भरल्यावर काय होते ?

येथे दोन प्रकार आहेत. पहिल्यात स्मृती भरताच यंत्र नोंद घेणे थांबविते. दुसऱ्यात सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. बहुतेक यंत्रांत यांपैकी एक पर्याय आपण निवडू शकतो, परंतु पुष्कळदा तो न पाहताच यंत्र चालू केले जाते.

उदाहरण घेऊ. वरील यंत्र १ जूनच्या आरंभी ५ मिनिटांच्या अंतराने सुरू केले व थेट १ ऑक्टोबरला वाचले. पहिल्या प्रकारात २६ जुलैच्या दुपारी स्मृती भरेल, आणि ऑगस्ट व सप्टेंबरची एकही नोंद मिळणार नाही. दुसऱ्या प्रकारात ६ ऑगस्टपासूनच्या नोंदी हाती येतील, परंतु जून व जुलै पुसले गेले असतील. दोन्ही प्रसंगी पावसाळ्याचा अर्ध्याहून अधिक भाग हरवतो. हेच यंत्र १५ मिनिटांवर ठेवले असते, तर १२२ दिवसांच्या सर्व नोंदी मिळून स्मृती शिल्लक राहिली असती.

३. वाचन व पुन्हा प्रारंभ

अनेक यंत्रांत नवे सत्र सुरू करताच मागील सर्व नोंदी पुसल्या जातात. म्हणून पुढील क्रम कधीही मोडू नये.

(अ) नोंदी संगणकावर उतरवाव्यात.
(आ) फाइल उघडून पहिल्या व शेवटच्या नोंदीची तारीख व वेळ पाहावी.
(इ) नोंदींची संख्या ताडून पाहावी. १५ मिनिटांच्या अंतराने ३० दिवसांच्या २,८८० नोंदी व्हावयास हव्यात. संख्या बरीच कमी असेल तर कारण शोधावे.
(ई) दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवावी.
(उ) त्यानंतरच यंत्राचे घड्याळ व विद्युतघट तपासून नवे सत्र सुरू करावे.

पुष्कळ यंत्रांत विद्युतघट संपला तरी स्मृतीतील नोंदी टिकतात, परंतु घड्याळ थांबते. घड्याळ चुकले तर आकडे बरोबर असूनही कोणत्या दिवशीचे हे सांगता येत नाही, आणि अशी नोंद पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.

४. फाइलींची व्यवस्था

फाइलच्या नावातच भांडार, यंत्र क्रमांक व कालावधी असावा आणि तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. उदाहरणार्थ, ‘चूर्णभांडार-०२-२०२५०६०१-२०२५०६३०’. या क्रमाने नावे दिल्यास संगणक फाइली आपोआप कालक्रमाने मांडतो. प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र फोल्डर करून त्यातच यंत्राच्या अंशशोधनाचे प्रमाणपत्र ठेवावे.

यंत्राच्या स्वतःच्या स्वरूपातील मूळ फाइल तशीच राखावी व जोडीला एक्सेलमध्ये उघडेल अशी प्रत काढावी. मूळ फाइलवर काम करू नये. संगणकाच्या मांडणीनुसार एक्सेल ०१-०६ ही तारीख १ जून ऐवजी ६ जानेवारी अशी वाचू शकते, आणि तशीच जतन केल्यास घोटाळा कायम होतो. आर्द्रता मर्यादेबाहेर गेली असेल तर आकड्यास हात न लावता कारण व केलेला उपाय वेगळ्या नोंदवहीत तारीखवार लिहून सही करावी.

जागा वाचविण्यासाठी जुन्या फाइली पुसण्याचे कारण नाही. १६,००० ओळींची फाइल साधारणपणे एक मेगाबाइटच्या आतच राहते. वर्षभराच्या फाइली साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात. त्या घाण्यातील औषधाची वापरमुदत संपेपर्यंत व त्यानंतर किमान एक वर्ष नोंदी ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर व त्यांतील एक फार्मसीच्या बाहेर, हा संगणकक्षेत्रातील नियम आपणही पाळावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी दुकाने व गोदामांत शिरले. अशा वेळी औषधसाठा, संगणक व त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह एकाच वेळी पाण्यात जातात. बाहेरची प्रत घरी, अन्य शाखेत किंवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवता येईल.

५. जबाबदारी

वाचनाचा दिवस ठरलेला असावा. प्रत्येक महिन्याची पहिली तारीख सोयीची पडते. हे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे, तिच्या गैरहजेरीत कोणी करावे हेही लिहून ठेवावे आणि वर्षातून एकदा जुनी प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही ती असून नसल्यासारखीच.

लॉगर आकडे गोळा करतो. ते उतरवून, तपासून व दोन ठिकाणी ठेवल्यावरच त्यांस नोंद म्हणता येते. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक फार्मसीमालकाने आपल्या यंत्राची नोंदसंख्या, अंतर व स्मृती भरल्यानंतरचा पर्याय या तीन गोष्टी स्वतः पाहून यंत्राशेजारी लिहून लावाव्यात, ही विनंती.