दूरस्थ वर्गचर्चा आणि अध्यापकाची भूमिका

मार्च 2020 मधील टाळेबंदीनंतर महाविद्यालयीन तासिका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आल्या. राधानगरीसारख्या डोंगराळ, जंगलव्याप्त तालुक्यात अशा तासिकेतील विद्यार्थ्याच्या मौनाचे दोन अर्थ संभवतात : त्याला काही म्हणावयाचे नाही, अथवा त्याचा संपर्कच तुटला आहे. प्रत्यक्ष वर्गात चेहऱ्यावरून होणारा हा उलगडा येथे होत नाही. त्यामुळे चर्चेतील अध्यापकाच्या भूमिकेचा नव्याने विचार करणे अगत्याचे ठरते.

या दृष्टीने 'लीळाचरित्रा'ची निर्मितिप्रक्रिया उद्बोधक आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सान्निध्यात राहिलेल्यांकडून मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. येथे कथन अनेकांचे, निवाडा आचार्यांचा. आणि तो कथनानंतरचा आहे. नागदेवाचार्यांचा मराठीविषयीचा आग्रहही महत्त्वाचा होय. संस्कृत न जाणणारा अनुयायी ज्ञानास पारखा होऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती.

अर्थात हे साम्य मर्यादित आहे. पंथात आचार्यांचा निवाडा अंतिम असतो. साहित्यचर्चेत अंतिम अर्थ सांगणारा अध्यापक चर्चाच संपवितो. त्याने मत नव्हे, तर मताला संहितेतील आधार आहे की नाही, हे पारखावे. प्रश्न आगाऊ लिहून द्यावा, संपर्क तुटलेल्यास नंतर लेखी उत्तराची मुभा द्यावी, बोलीतील उत्तरही तितक्याच आदराने स्वीकारावे आणि स्वतः शेवटी बोलावे. साधन बदलले तरी सर्वांचे ऐकून घेण्याचे अध्यापकाचे दायित्व बदलत नाही. दूरस्थ वर्गात ते अधिकच वाढते.