जुनी पिवळी स्कूलबस रस्त्यावर ठेवायची तर

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो असताना जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन बघायला मिळालं. तिथे १९५० च्या दशकातली एक पिवळी स्कूलबस मालकाने स्वतः चालवत आणली होती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाल्यामुळे तो गिअर बदलताना दोनदा क्लच दाबतोय, हे लगेच ध्यानात आलं. भाषेच्या अडचणीमुळे त्याच्याशी फार बोलता आलं नाही. एवढी जुनी बस आज चालवणं आणि धडधाकट ठेवणं कसं जमतं? सुटे भाग कुठून येतात? आता मुलानेही अशी बस घ्यायचं मनावर घेतलंय. त्याला काय सांगू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाटा किंवा लेलँडची चॅसिस यायची आणि तिच्यावर दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी चढायची, हे तुम्ही जवळून पाहिलेलं असणार. अमेरिकेतल्या स्कूलबसची घडणही पूर्वापार अशीच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, ॲक्सल हे सगळं इंटरनॅशनल हार्वेस्टर, फोर्ड, शेव्हरोले किंवा डॉज यांच्या ट्रकचं. बॉडी मात्र वेगळ्याच कारखान्याची. इंडियाना राज्यातल्या रिचमंडची वेन, ओहायोतल्याच लायमा गावची सुपीरियर, नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंटची थॉमस, जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीची ब्लू बर्ड ही त्यातली मोठी नावं. तुम्ही पाहिलेली बस यांपैकी कुणाची आहे, हे बहुतेक वेळा दारावरच्या किंवा ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पाटीवरून कळतं.

सुट्या भागांचं कोडं या घडणीतूनच सुटतं. खालचा भाग ट्रकचा आणि तसे ट्रक लाखोंनी बनले. त्यामुळे शेव्हरोलेच्या २३५ घनइंची सहा सिलिंडर इंजिनाचे पिस्टन, गॅस्केट, वॉटर पंप आजही मागवले की येतात. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडरचे रबर यांचीही तीच गोष्ट. खरी पंचाईत वरच्या भागाची. वेनचा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला, कॅलिफोर्नियातली क्राउन १९९१ मध्ये आटोपली, आणि सुपीरियरच्या स्कूलबस त्याच्याही आधी थांबल्या. खिडकीची चौकट, दाराचा पत्रा, छताची वाकवलेली पट्टी तुटली तर दुसऱ्या मेलेल्या बसवरून काढून आणावी लागते, नाहीतर पत्राकामाच्या कारागिराकडून घडवून घ्यावी लागते. काचेच्या बाबतीत जुन्या गाड्या उलट सोयीच्या. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची असेल तर कुठलाही काचवाला सेफ्टी काच मापाने कापून देतो. वळणदार एकसंध काच फुटली की मालक महिनोन्‌महिने शोधत बसतो.

अशी दुसरी बस मिळणंही सोपं नाही. शाळा साधारण बारा-पंधरा वर्षं बस वापरते आणि काढून टाकते. काही भंगारात जातात. पुष्कळ ग्वाटेमालाला जातात. तिथे त्यांना भडक रंग आणि क्रोम चढतं आणि त्या गावोगाव प्रवासी वाहतात. काही शेतावर गवताच्या कोठ्या होऊन सडतात. १९४०-५० मधली चालू बस दिसली, तर कुणीतरी तिच्यावर आयुष्याचा मोठा भाग खर्च केलाय असं खुशाल समजावं.

आता चालवण्याबद्दल. दोनदा क्लच दाबण्यात हौसेचा भाग काही नाही. त्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला, आणि काही बसमध्ये बहुतेक गिअरना, सिंक्रोमेश नसतो. वरचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, न्यूट्रलला आणायचं, क्लच सोडायचा, इंजिनाचे फेरे उतरेपर्यंत क्षणभर थांबायचं, पुन्हा क्लच दाबून गिअर सरकवायचा. खालच्या गिअरला येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर ॲक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा, म्हणजे फेरे चढतात आणि दाते एकमेकांत बिनआवाज बसतात. फेरे जुळले की दांडी दोन बोटांनी जाते आणि नाही जुळले तर दोन्ही हातांनीही जात नाही. सपाटीवर रिकामी बस बहुतेक जण दुसऱ्या गिअरमध्येच उचलतात. पहिला चढासाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. काही चॅसिसमध्ये मागचा ॲक्सलही दोन वेगांचा असतो. तिथे गिअरच्या दांडीवरचं लहान बटण वर-खाली करायचं आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबायचा, की आतले गिअर बदलतात.

वेगाची अपेक्षा ठेवू नये. शाळेच्या बसला मुद्दाम मोठ्या रेशोचा ॲक्सल असायचा, कारण थांबत-थांबत मातीच्या रस्त्यावरून मुलं गोळा करायची असत. ताशी ७०-७५ किलोमीटरला इंजिन ओरडायला लागतं. म्हणून जाणते मालक इंटरस्टेट हायवेच्या वाटेला जात नाहीत, गावाकडच्या दुपदरी रस्त्यानेच जातात. मला हे पूर्ण पटतं. मागून ११० च्या वेगाने ट्रक येत असताना अशी बस मुख्य लेनमध्ये ठेवणं सर्वांच्याच जिवावर बेतणारं आहे.

वळताना मागचा भाग सांभाळावा लागतो. मागच्या चाकांच्या मागे तीन-साडेतीन मीटर बॉडी बाहेर असू शकते. डावीकडे वळताना ती उजवीकडे फेकली जाते. पेट्रोल पंपावरून निघताना पंपाचा खांब घासला जातो तो असाच. आधी सरळ पुढे जायचं, मागची चाकं खांब ओलांडेपर्यंत, मग स्टिअरिंग फिरवायचं. तेही पॉवर स्टिअरिंग नसलेलं. जागच्या जागी चाक वळवायचा हट्ट केला तर खांदे भरून येतात आणि किंगपिनही झिजते. गाडी किंचित सरकत असताना वळवायचं.

ब्रेकवर मात्र मला जास्त लिहायचं आहे. बस विकत घेतली की माणूस आधी रंगाचा विचार करतो. माझ्या मते पहिला पैसा ब्रेकला, दुसरा टायरला, आणि रंगाला उरला तर.

१९५० च्या दशकातल्या बहुतेक स्कूलबसना व्हॅक्यूम बूस्टरवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. चारपैकी एका चाकाचा होज फुटला किंवा गंजलेली पाइप गेली, की पेडल सरळ फरशीला टेकतं आणि चारही चाकं ब्रेकशिवाय. हँडब्रेक त्या वेळी पुष्कळदा प्रॉपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमला असे. उभी गाडी धरायला तो ठीक. धावती बस थांबवायला तो कामाचा नाही, आणि मागचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर उभी गाडीही तो धरत नाही. म्हणून बसमध्ये लाकडी ठोकळे हवेतच. जुन्या गाड्यांच्या वर्तुळात मूळपणाचा आग्रह मोठा असतो आणि कोणता स्क्रू कोणत्या सालचा यावर रात्र-रात्र चर्चा होते. त्या आग्रहाबद्दल मला आदर आहे. तरीही दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर तो बसवावाच. मूळ सिलिंडर स्वच्छ करून कपाटात ठेवता येतो. तपासणीच्या वेळी सगळे स्टीलचे पाइप आणि रबरी होज बदलावेत आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि सिलिंडर आतून गंजवतं.

एअर ब्रेक असलेली बस असेल, जशा क्राउन किंवा गिलिग यांच्या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या बस असत, तर निघण्याआधीचा परिपाठ तुमच्या डेपोतल्यासारखाच. टाकी सुमारे १२० पौंडांपर्यंत भरू द्यायची, इंजिन बंद करायचं, पेडल न दाबता मिनिटभर काटा बघायचा. दोन पौंडांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळतंय. मग पेडल दाबून धरायचं आणि पुन्हा मिनिटभर बघायचं. तीन पौंडांपलीकडे जाऊ नये. त्यानंतर पेडल दाबत-सोडत हवा खर्च करायची. ६० पौंडांच्या आसपास बझर वाजला पाहिजे. स्लॅक ॲडजस्टर हाताने आवळायचे असतात, आपोआप आवळणारे नंतर आले. आणि रोज संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडायचं, नाहीतर ओहायोच्या हिवाळ्यात ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं. १९७५ पूर्वीच्या कित्येक गाड्यांना स्प्रिंग ब्रेक नसतात, म्हणजे हवा गेली तर गाडी आपोआप धरली जात नाही.

उताराचा नियम खंबाटकी किंवा आंबा घाटातलाच : ज्या गिअरमध्ये चढायला लागलं असतं, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उताराच्या तोंडाशीच टाकायचा. मध्यावर न्यूट्रलला येऊन खालचा गिअर सापडला नाही, तर सिंक्रोमेश नसलेल्या गाडीत दुसरी संधी मिळत नाही.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नये. वर्षाकाठी चार-पाचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं टायर झिजत नाही, ते म्हातारं होतं. २००० नंतरच्या टायरवर शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दहा वर्षं उलटली असतील तर पुढच्या चाकावर ते नको. जुन्या चाकांची रिम पुष्कळदा दोन-तीन तुकड्यांची, लॉक रिंग लावलेली असते. गंजलेली रिंग हवा भरताना उडाली तर माणूस जागीच जातो. म्हणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, आणि हे काम ट्रकचं टायर बसवणाऱ्या जाणकारावरच सोपवावं.

बाकी देखभाल ग्रीसची आहे. किंगपिन, शॅकल, ड्रॅगलिंक, युनिव्हर्सल जॉइंट : प्रत्येक ग्रीस निपल शोधून, पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. त्या काळच्या पुस्तिका हे हजारएक मैलांवर करायला सांगत. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मऊ करतं, त्या बदलाव्या लागतात. हिवाळाभर बस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा ठेवावा. पुष्कळ मालक महिन्याने पंधरा मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवतात, त्याने नुकसानच होतं. ऑइल पुरेसं तापत नाही आणि तळाशी पाणी साचतं. चालवायची असेल तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हाताला गरम लागेपर्यंत.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात मुलाला कायद्याची अडचण येऊ शकते. एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजमध्ये प्राध्यापक फ्रँक सायर यांनी सात दिवसांची परिषद भरवली. राज्यांचे वाहतूक अधिकारी, बस आणि रंग बनवणाऱ्या कंपन्यांचे तज्ज्ञ आले. भिंतीवर लिंबू पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतच्या छटा लावल्या होत्या, त्यातून हा रंग निवडला गेला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं स्पष्ट दिसतात हे त्याचं कारण. त्या परिषदेत एकूण ४४ मानकं ठरली. आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत लाल दिवे लावून उभ्या असलेल्या स्कूलबसला ओलांडून जाणं गुन्हा आहे. म्हणजे तो रंग आणि ते दिवे मिळून रस्त्यावरचा एक सिग्नल आहेत. शाळेच्या सेवेत नसलेली बस त्याच रूपात फिरली तर सिग्नलचा धाक कमी होतो, म्हणून पुष्कळ राज्यं रंग बदलायला, ‘स्कूल बस’ ही अक्षरं झाकायला आणि दिवे व स्टॉपचा फलक निकामी करायला सांगतात. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. मुलाने ओहायोच्या वाहन खात्याला आधी विचारावं. ड्रायव्हरसह सोळा किंवा जास्त माणसांसाठी घडलेल्या गाडीला व्यावसायिक लायसन्सचा प्रश्न येतो, तोही तिथेच विचारावा.

मुलं बसवण्याबद्दलही बोललं पाहिजे. १ एप्रिल १९७७ पासून बनलेल्या स्कूलबसना उंच, गुबगुबीत पाठीच्या सीट, छताची ताकद, पत्र्याच्या सांध्यांची मजबुती असे नियम लागू झाले. त्याआधीच्या सीटची पाठ बुटकी आणि वर लोखंडी नळी, नेमकी मुलाच्या तोंडाच्या उंचीवर. जत्रेत, मैदानात चालण्याच्या वेगाने फेरी मारायला हरकत नाही. रस्त्यावर नातवंडं भरून न्यायला मी कुणालाही सांगणार नाही. जुन्या चालकांची एक सवय मात्र मुलाने जरूर घ्यावी. डिसेंबर १९३८ मध्ये युटा राज्यात हिमवादळात एका स्कूलबसला रेल्वेगाडीने धडक दिली आणि वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर फाटकापाशी थांबून, दार उघडून, कान देऊन मगच रूळ ओलांडायची रीत पडली. दाराची लांब दांडी ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असते. ती ओढली की दाराच्या दोन्ही पाकळ्या घडी होतात, आणि बंद काचांमधून न ऐकू आलेली शिट्टी ऐकू येते.

विकत घेण्याआधी मुलाने जमलं तर मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये जाऊन यावं. ओहायोच्या उत्तर भागातून ते जवळच आहे. ब्लू बर्डचे संस्थापक अल्बर्ट ल्यूस यांनी १९२७ मध्ये बांधलेली पहिली बस तिथे आहे. ल्यूस फोर्डचे विक्रेते होते. गिऱ्हाइकाला विकलेल्या बसची लाकडी बॉडी पैसे फिटायच्या आत खिळखिळी झाली, म्हणून त्यांनी स्वतः लोखंडी सांगाडा वापरून बॉडी बांधली.

आणि बस बघायला जाताना सोबत एक छोटी हातोडी, टॉर्च आणि अंगाखाली घालायला जुनं पोतं न्यावं. या बसच्या तळाच्या पत्र्यावर प्लायवूड आणि त्यावर रबरी मॅट असते. खिडक्यांतून झिरपलेलं पाणी आणि मुलांच्या बुटांबरोबर आलेलं मीठ प्लायवूडमध्ये मुरतं. पत्रा वरून झाकलेला राहतो आणि खालून गंजतो. चाकांच्या कमानी, पायरी, मागच्या संकटकालीन दाराचा उंबरा आणि आडव्या तुळया इथे हातोडी वाजवून बघावी. आवाज खणखणीत हवा. बद्द आवाज आला आणि पापुद्रे पडले, तर वरचा रंग कितीही ताजा असला तरी ती बस सोडून द्यावी, कारण तळ बदलणं म्हणजे बॉडी नव्याने बांधणं. तळ शाबूत आणि इंजिन जाम, अशी बस मिळाली तर घासाघीस करून घ्यावी. इंजिन उतरवून बांधता येतं, भाग मिळतात, आणि ते काम मुलाला शिकवायला पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तिथे असालच.