ग्रामसभेचे थेट प्रक्षेपण आणि दुबळे मोबाइल जाळे

२६ जानेवारीची ग्रामसभा भरते, त्या वेळी बीड जिल्ह्यातील अनेक गावांचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील फडांवर असतात. गावच्या कामांविषयीची चर्चा त्यांच्या गैरहजेरीत होते. मोबाइलवरून सभेचे थेट प्रक्षेपण केल्यास ती त्यांना ऐकता येते. मात्र जाळे दुबळे असले की चित्र गोठते, आवाज तुटतो आणि नेमका ठरावच ऐकू येत नाही. हे टाळणे बव्हंशी पूर्वतयारीवर अवलंबून असते.

प्रक्षेपणात महत्त्वाचा असतो तो माहिती पाठविण्याचा वेग. मोबाइल जाळ्यात हा वेग सामान्यतः माहिती उतरवून घेण्याच्या वेगाहून कमी असतो. शिवाय एका मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. म्हणून फोनवर चित्रफीत नीट दिसते, एवढ्यावरून प्रक्षेपणही नीट होईल असे समजू नये. सभेच्या जागी, सभेच्याच वेळेस, दोनतीन दिवस आधी वेग मोजावा आणि आढळलेल्या किमान वेगाच्या निम्माच भार ठेवावा.

उदाहरणार्थ, सेकंदास किमान २० लाख बिट वेग मिळत असल्यास चित्र व आवाज मिळून १० लाख बिटांवर भागवावे. ४८० ओळींचे चित्र त्यात बसते. या हिशेबाने तासाला सुमारे ४५० मेगाबाइट माहिती खर्च होते. बोलण्याच्या आवाजास मात्र सेकंदाला ६४ हजार बिट पुरतात. यास्तव जाळे ढासळू लागताच चित्राचा दर्जा उतरवावा. आवाज शेवटपर्यंत राखावा. चेहरा अंधुक दिसला तरी चालते. मंजूर रक्कम ऐकू आली नाही, तर प्रक्षेपणाचा हेतूच फसतो.

माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते व वाटेत काही तुकडे गळतात. प्रक्षेपण काही सेकंद उशिराने दाखविल्यास गळालेला तुकडा पुन्हा पाठविण्यास अवधी मिळतो. २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली 'एसआरटी' पद्धती याच तत्त्वावर चालते. दोन कंपन्यांच्या जोडण्या एकत्र वापरणारी साधनेही मिळतात. परंतु दोन्ही कंपन्या एकाच मनोऱ्यावर असतील, तर तो बंद पडताच दोन्ही जोडण्या जातात.

म्हणून संपूर्ण सभेचे मुद्रण दुसऱ्या फोनवर अवश्य करून ठेवावे आणि प्रक्षेपण तुटल्यास ते नंतर उपलब्ध करून द्यावे. प्रक्षेपण ऐकणे म्हणजे सभेस उपस्थित राहणे नव्हे, हे खरे. तथापि काय ठरले हे स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या कामगाराला, गावी परतल्यावर १ मेच्या ग्रामसभेत त्याविषयी नेमका प्रश्न विचारता येतो.