पायाखालचे थर आणि भूकंपाची कंपने

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपाचे हादरे गोव्यापर्यंत जाणवले. पण एकच भूकंप सगळीकडे सारखा जाणवत नाही. असे का होते, ते आपण पाहू.

भूकंपाच्या लहरींत संथ व जलद कंपने मिसळलेली असतात. खडकावरचा मऊ थर त्यांतली ठरावीक कंपनेच वाढवतो. त्यांची वारंवारता काढण्यासाठी थरातील दुय्यम लहरींच्या वेगाला जाडीच्या चौपटीने भागावे. समजा, वेग सेकंदाला १६० मीटर आणि गाळ १० मीटर आहे; तर १६० ÷ ४० = ४, म्हणजे सेकंदाला ४ कंपने. गाळ २० मीटर असल्यास २.

दोन-तीन मजली घराची स्वतःची वारंवारताही साधारण ४ असते. दोन्ही जुळल्या की अनुनाद होऊन घर जास्त हलते. १९८५ साली मेक्सिको शहरात जुन्या तळ्याच्या गाळावरील कित्येक उंच इमारती अशाच कोसळल्या. भूकंपाचे केंद्र तर साडेतीनशे किलोमीटर दूर होते.

पेडण्यात नदीकाठी खाजनाचा गाळ, तर मोपाला जांभ्याचे पठार. डिचोलीतही कठीण जांभ्याखाली मऊ माती लागू शकते. म्हणून घर बांधण्यापूर्वी खालचे थर तपासून घ्यावेत. विहिरी खणणाऱ्यांना विचारून आपापल्या वाड्यावरील थरांची जाडी आपण वहीत नोंदवू या.